पूजेबाहेरचा स्कॅनर

अठ्ठ्याण्णवच्या खंडेनवमीला वागळे इस्टेटमधल्या गॅरेजात दामाजीकाकांनी पाने-हातोडे पाटावर मांडून पूजले. नव्या मेकॅनिक सरोजने गाडीचा बिघाड शोधणारा हातातला स्कॅनरही पुढे केला. "खेळण्याची कसली पूजा?" काका म्हणाले. पूजेतल्या हत्यारांना दिवसभर हात लावायचा नसतो. तेवढ्यात इंजिन तापणारी गाडी आली. सरोजने गाडीत बसून पूजेबाहेरचा स्कॅनर जोडला. त्याने इंजिन बंद ठेवूनही एकेक भाग चालवून बघता यायचा. बॉनेट उचलताना गाडीचा झेंडूचा हार रेडिएटरच्या पंख्यात घसरला. तो काढायला काकांनी हात घातला. इंजिन बंदच होतं. बॉनेटआड ते सरोजला दिसले नाहीत. तिने स्कॅनरवरचं पंख्याचं बटण दाबलं. खिडकीपर्यंत पाकळ्या उडाल्या. दचकून तिने पंखा थांबवला. "काका?" काका बॉनेटआडून बाहेर आले. बोटं शाबूत होती, मुठीत नुसता दोरा. तो त्यांनी स्कॅनरला बांधला. "पाटावर ठेव. आज याला हात लावायचा नाही."