घराच्या पोटात

आमचं लाकडी खांबांवरचं घर मागच्या भिंतीकडे खचत चाललंय. सुनेनं माहेरून आणलेलं लोखंडी कपाट तिथंच उभं, म्हणून मी निकाल देऊन टाकला, “हे धूड आज भंगारात!” तिनं डोळे पुसत कपडे बाहेर काढले. मिस्त्री घर उचलायचा जॅक घेऊन आला, तशी मला राहवेना. घराचं पोट खालून दिसतं तरी कसं? पदर खोचून, बॅटरी घेऊन मीच आधी खाली सरपटले. “आजी, कंबर धरेल!” मिस्त्री ओरडला. “तुझी सांभाळ!” कपाटाखालचा खांब कोरडा, खणखणीत. शेजारचा काळा पडलेला. बोट लावलं तर ओला भुसा हातात आला. त्याच्या बरोबर वर माझी खिडकी. धुण्याची बादली मी वर्षानुवर्षं तिथूनच ओतते. बाहेर आले. “काय दिसलं, आई?” सुनेनं विचारलं. “अंधार. आणि हे कपडे जमिनीवर कशाला? कपाटात ठेव!”