पिंपातले आठ दिवस

"आठ दिवस," टोरगेर म्हणाला. "बियर पिंपात आठ दिवस आणि मगच बाटली. एक दिवस कमी नाही."

गुन्वोर दारातच उभी होती. धाकट्या भावाची बायको या स्वयंपाकघरात बारा वर्षांनी येत होती, आणि तिने डोक्याचा रुमालसुद्धा सोडला नव्हता.

"तेवढे दिवस नाहीत, भावजी."

टोरगेरने कप खाली ठेवला. "डॉक्टर आले होते वाटतं तुमच्याकडे?"

"परवा. आठवडा निघाला तर पुष्कळ, म्हणाले."

हे सांगताना ती चुलीकडे बघत होती. टोरगेरची मुलगी सिन्नोवे बशा पुसत होती. ती मघापासून एकच बशी पुसत राहिली होती.

"आणि आन्फिन?"

"धड जेवत नाही, झोपत नाही. दादाच्या हातची बियर प्यायचीय, म्हणतो. मयताची नको म्हणावं. एका टेबलाशी बसून, बोलत बोलत प्यायची."

त्याला झालंय तरी काय, हे टोरगेरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बारा वर्षं ज्याचं नाव काढलं नाही, त्याच्या दुखण्याचं नाव कसं विचारायचं?

बारा वर्षांपूर्वी टोरगेरची बायको गेली. त्या खोऱ्यात मयताची बियर जवळच्या नातलगाने करायची असते. ती आन्फिनने केली आणि दोनच दिवसांत बाटल्यांत भरली. पाहुणे चर्चमधून परतले, पाद्र्याने प्रार्थना सुरू केली, आणि खाली तळघरात कोंडलेल्या वायूने एकेक बाटली फुटू लागली. प्रत्येक धडाक्याला लोक दचकत होते. एक तरुण मुलगी तर हसली.

"आपल्या घरच्या यीस्टला दोन दिवस पुरतात," आन्फिन म्हणाला होता. "बाबा दोन दिवसांतच भरायचे. बाटल्याच जुन्या होत्या, दादा."

"तुझ्या हातून आजवर एक तरी गोष्ट पुरी झालीय का?" टोरगेर सगळ्यांदेखत ओरडला होता. मूलबाळ नसलेल्या भावाला हे कुठे लागेल, ते त्याला बोलून झाल्यावर समजलं. तेव्हापासून दोन घरांमध्ये फक्त एक ओढा आणि एक पूल होता, पण पुलावरून कुणी जात नव्हतं.

गुन्वोर गेल्यावर त्याने लगेच चूल पेटवली. ज्युनिपरच्या झुडपाच्या सुवासिक फांद्या घालून पाणी उकळलं, मोड आणून वाळवलेला सातू त्यात भिजवला. पाणी आणताना तो दोनदा पायरीवर बसला. सिन्नोवेने त्याच्या हातातून बादली घेतली.

"सुट्टी संपली असेल ना तुझी? शाळेतली पोरं माजतील तिकडे."

"वाढवून घेतलीय, बाबा."

"माझ्यासाठी नको हं. त्या इस्पितळाच्या पत्रात नुसती विश्रांती लिहिलीय. तूच वाचून दाखवलंस की."

"हो," सिन्नोवे म्हणाली. "विश्रांतीच."

सातूचा गाळलेला रस पिंपात कोमट झाला तेव्हा त्याने खुंटीवरचं लाकडी कडं काढलं. त्यावर वडिलांच्या वेळेपासूनचं यीस्ट वाळलेलं होतं. ते पिंपात सोडताना घरच्या पुरुषाने जोरात आरोळी ठोकायची असते. आरोळी जेवढी मोठी, तेवढी बियर कडक. टोरगेरने छाती भरून घेतली, पण बाहेर आला तो नुसता खोकला.

"हा कसला आवाज? मांजरसुद्धा घाबरलं नाही," सिन्नोवे म्हणाली, आणि पिंपावर वाकून तिनेच आरोळी मारली. ती इतकी लांबली, की शेवटी शेवटी ती आरोळी वाटेना.

भावासाठी रडवेली झालोत आपण दोघं, टोरगेरला वाटलं.

पिंपावर घोंगडी टाकून तो बाजूलाच खुर्ची घेऊन बसला. पहिल्या दिवशी आतून तापल्या दुधासारखी सळसळ येत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने कान लावला, तर जवळजवळ शांत. फेस बसला होता. त्याने पळीभर चाखली. किंचित गोड होती, पण होती चांगली. फार चांगली होती.

म्हणजे आन्फिन म्हणत होता ते खरं असेल? की आपल्याला खरं वाटायला हवंय? आणखी सहा दिवस ठेवली तर बियर नक्की पुरी होईल, पण ती प्यायला आन्फिन असेल का?

"बाटल्या धू," तो म्हणाला.

"आजच?"

"आजच. बुचं सैल लाव म्हणजे झालं."

सिन्नोवेने शेजाऱ्याची घोडागाडी बोलावली. "पूल ओलांडायला गाडी?" टोरगेर कुरकुरला. "बाटल्या हलतील, बाबा," ती म्हणाली. एक पेटीही तिने गाडीत ठेवली. शुश्रूषेला राहणार असेल काकूजवळ, असं समजून टोरगेरला बरं वाटलं. वाटेत तो एकच वाक्य मनात घोळवत होता. तू म्हणालास ते खरं होतं.

गुन्वोरने दार उघडलं. बैठकीच्या खोलीत शेकोटीजवळ एक खाट मांडलेली होती. पांढरी चादर ताणून घातलेली, उशी नीट, आणि खाट रिकामी.

टोरगेरने टोपी काढली. बाटली छातीशी धरून तो तिथेच उभा राहिला. उशीर झाला. दोन दिवससुद्धा जास्त झाले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी दडदड पावलं टाकत आलं. आन्फिन होता. तांबूस गालांचा, बाह्या वर सारलेला, खांद्यावर जाड पिसांची रजई. त्याने ती खाटेवर पसरली. मग तो वळला आणि भावाकडे बघतच राहिला. त्याचे डोळे सुजलेले होते.

सिन्नोवेने पेटी उघडली. आत टोरगेरचे रात्रीचे सदरे होते. त्यातला एक काढून तिने उशीवर ठेवला.

"ये दादा," आन्फिन म्हणाला. "उशी खिडकीच्या बाजूला केलीय. पडल्या पडल्या तुला तळं दिसेल."