दंडातली काडी

टॅमसिनने बाही वर सारून दंडावरची पट्टी दाखवली, तसा मेरिनने हातातला चहाचा मग टेबलावर जरा जोरातच ठेवला.

"काढलीस?"

"सकाळीच. उगाच घाबरत होते."

"अगं वेडे, नको म्हटलं होतं ना मी."

म्हटलं होतं खरं, आणि एकदा नाही, येता-जाता म्हटलं होतं. मेरिन तिची थोरली बहीण. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. मेरिनची स्त्रीबीजं संपली आहेत असं पर्थच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे मेरिन एकटीच जाऊन आली आणि तिने घरी येऊन सांगितलं. तिचा नवरा डेल तेव्हा खाणीवर होता. पंधरवडाभर तिकडे लोखंडाच्या खाणीत आणि आठवडाभर जेराल्डटनला घरी, असं त्याचं आयुष्य. ती बातमी ऐकून तो अंगणात जाऊन बसला होता, आणि टॅमसिनने त्याच दिवशी ठरवलं, आपली बीजं ताईला द्यायची.

अडचण एकच होती, तिच्या दंडातली गर्भनिरोधक काडी. क्लिनिकमधल्या नर्सने तिला नीट समजावलं होतं. गोळ्या घेणाऱ्या बायकांचं सोपं असतं, सांगू तेव्हा थांबायचं. दंडात काडी असेल तर ती बीजांना निजवून ठेवते, म्हणून आधी ती काढायची, पाळी आपणहून परत येऊ द्यायची, मगच पुढचं बघायचं.

टॅमसिनने काडी घातली होती ती पोरं नकोत म्हणून नव्हे. शाळेत असल्यापासून पाळी आली की ती न्हाणीघराच्या फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडायची. काडीने ते सगळं थांबवलं. तेव्हापासून तिला एक सवयच जडली होती. बोलता बोलता अंगठा दंडाच्या आतल्या बाजूला जायचा आणि काडी जागेवर आहे ना ते बघायचा. काडेपेटीतल्या काडीएवढी ती वस्तू दाबली की जरा वाकायची आणि कातडीखाली निसटायची.

"ती जागा काळीनिळी होईल," मेरिन म्हणाली. तिने फ्रीजमधून गोठलेल्या मटारची पिशवी काढली, फडक्यात गुंडाळली आणि नेमकी जिथे ठणकत होतं तिथे धरली. "उद्या हात जड वाटेल. वजन उचलू नकोस."

आपल्यासाठी हिने किती वाचून ठेवलंय, असं वाटून टॅमसिनला भरून आलं. मेरिनचं प्रेम असंच असायचं, आधी रागवायचं आणि मग करायचं. उन्हाने आईच्या खांद्यावर झालेला कॅन्सरचा तीळ कापावा लागला, तेव्हापासून मेरिन घराबाहेर पडताना लांब बाह्यांचाच शर्ट घालायची आणि बिनबाह्यांच्या टॅमसिनला प्रत्येक उन्हाळ्यात बोलणी बसायची.

पाळी परत आली ती मेरिनच्याच घरी. कळाही आल्या, जुन्या ओळखीच्या. टॅमसिनने न्हाणीघरातलं कपाट धुंडाळलं आणि आतूनच मेरिनला विचारलं, "मेझ, पॅड कुठे ठेवतेस?"

बाहेर नळ बंद झाला.

"मला कुठे लागतात आता," मेरिन म्हणाली.

टॅमसिनने जीभ चावली. बीजं संपलेल्या बाईला आपण हे काय विचारून बसलो, म्हणून तिला स्वतःची लाज वाटली. संध्याकाळी डेल तिच्यासाठी गरम पाण्याची पिशवी घेऊन आला. "हे तू आमच्यासाठी सोसतेयस," एवढंच म्हणाला. मागची खोली त्याने आधीच पिवळी रंगवून ठेवली होती.

मेरिन दारात उभी होती. "अजूनही नाही म्हण, टॅम," ती म्हणाली. "मला खरंच चालेल."

"मला नाही चालणार," टॅमसिन म्हणाली.

सोमवारी तिघांनी पर्थला जायचं ठरलं. क्लिनिकला तिघांशी समोरासमोर बोलायचं होतं, आणि या वेळी मेरिनचीही नव्याने तपासणी होणार होती. त्या आठवड्यात मेरिनचं जेवण कमी झालं. ताई आशेला घाबरतेय, असं टॅमसिनला वाटलं.

शनिवारी डेलने दोघींना बोटीतून नेलं. शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडायला समुद्रात टाकलेले पिंजरे उचलायचे होते. समुद्र शांत होता, डेल खुशीत होता. सोमवारनंतर मेझला बोटीत पाऊल टाकू देणार नाही, घरी बसून डोहाळे पुरवून घ्यायचे, असं तो चिडवत होता. मेरिन हसली नाही. पिंजऱ्याचा दोर पकडायला ती वाकली, बोट कलली, आणि ती सरळ पाण्यात गेली.

टॅमसिनने तिचा दंड काखेजवळ घट्ट पकडला.

"सोड," मेरिनला दम लागला होता. "सोड, माझी मी चढते."

टॅमसिन कसली सोडते. तिने दातओठ खाऊन ओढलं, डेलने दुसरा हात धरला, आणि मेरिन ओल्या पोत्यासारखी बोटीत येऊन पडली.

"शेवंड आण म्हटलं होतं, मेझ," डेल म्हणाला. "बायको माझ्याकडे आधीच होती."

तिघंही हसू लागली. हसता हसता टॅमसिनच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती घाबरली होती. बहिणीचा दंड अजून तिच्याच हातात होता. भिजलेली बाही कातडीला चिकटली होती. अंगठा आपला नेहमीच्या सवयीने आतल्या बाजूला गेला.

मेरिनचं हसणं थांबलं.

अंगठ्याखाली काडी जरा वाकली आणि निसटली.