न दिलेली हाळी

लाइन आली.

मोटारीच्या शेडमधला बल्ब पेटला तसा खेमसिंग गर्रकन धुऱ्याकडे वळला. तो विहिरीपाशी होता. धुऱ्यावरच्या, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरच्या, तारेत करंट सोडणारा आकडा वावराच्या दुसऱ्या टोकाला, खांबावर लटकत होता. आणि शेजारच्या भगवानरावची बायको, बेबीताई, आपली तार ओलांडून त्याच्या तारेकडे चालत येत होती. अनवाणी. अवकाळीनं माती ओलीचिंब. तिची शेळी त्याच्या भुईमुगात शिरली होती. वादळानं रात्रभर लाइन नव्हती, म्हणून ती शेळी अजून जिवंत होती.

आकडा डुकरांसाठी आहे, असं तो स्वतःला सांगायचा. खरं तसं नव्हतं. आठवड्यापूर्वी धर्मपालच्या हॉटेलात टीव्हीवर लढाईच्या बातम्या चालू होत्या. खेमसिंगच सगळ्यांना समजावत होता. "त्याहीच्यापाशी अणुबॉम्ब हाय, आपल्यापाशीबी हाय. म्हणून त कोणी टाकत नाही. एकापाशीच असता, त दुसऱ्याचं काही खरं नव्हतं." लोकांनी माना डोलावल्या. घरी परतताना त्याला धुऱ्यापलीकडची भगवानरावची तार दिसली. नवी, चकचकीत. तिच्यात करंट असणारच. मग आपल्या तारेत काहून नाही?

त्याच सांजी त्यानं आकडा टाकला.

त्या शिवारात एक रीत होती. तारेत करंट सोडला की शेजारच्या वावराकडे तोंड करून हाळी द्यायची. तार चालू हाय वोऽ. सकाळी काढला की पुन्हा. बाया, गुराखी, सगळे त्या हाळीच्या भरवशावर फिरत. पण होळीच्या सुमारास भगवानरावनं धुऱ्यात नांगराचं एक तास जास्त घातलं, खेमसिंगानं शिव्या घातल्या, आणि दोन घरांचं बोलणं तुटलं. बोलणं तुटलं, त्यात हाळीही गेली.

"वैनी, तारेले हात नोका लावू."

बेबीताई थांबली नाही. होळीपासून या माणसाचं ओरडणंच तिच्या कानावर पडत होतं. आधी ती त्याला खेमसिंगभाऊ म्हणायची.

"काहून? शेळी माही हाय. तिले नेऊन राह्यली, तुह्या शेंगा नाही."

"करंट हाय त्याच्यात."

तो बोलून गेला. हा गुन्हा होता. भगवानराव ठाण्यात गेला असता तर बेड्याच.

बेबीताई मात्र हसली.

"असता त हाळी नसती देल्ली तुनं? आमचीबी खोटीच हाय. धाकापुरती लावली. म्हणून आमीबी देत नाही हाळी."

"आईची आन, वैनी. आत्ता लाइन आली. तो बल्ब पाहा."

"लय पाह्यले तुहे बल्ब."

तो आकड्याकडे पळत सुटला. ओल्या सऱ्यांतून, शेंगा तुडवत. एक चप्पल चिखलात राहिली. खांब अजून लांब होता. त्यानं मागे वळून पाहिलं. तिनं पदर खोचला, वाकली, तार बाजूला करायला हात

लाइन गेली.

पुढे केला. तार मुठीत धरली. चांगली वर उचलली. खालून शेळीला कानाला धरून ओढून काढलं. मग रिकामा पंजा उघडून खेमसिंगाला दाखवला, लहान पोराला दाखवावा तसा.

"पाह्यलं?"

शेळी पुढे हाकलली. बेबीताई धुऱ्यावरून गेली, आपल्या तारेवर पाय देऊन ती खाली दाबली आणि आरामात पलीकडे उतरली.

खेमसिंग खांबापाशी पोचला. वाळक्या बांबूनं त्यानं आकडा ओढला. आकडा सुटता सुटता वर ठिणगी उडाली.

लाइन आली होती.

तो घरी गेला नाही. एका पायात चप्पल, तसाच धर्मपालच्या हॉटेलात शिरला. भगवानराव बाकावर चहा पीत बसला होता. टीव्हीवर नकाशा होता, नकाशावर लाल बाण, खाली पळणारी अक्षरं. धर्मपाल गिऱ्हाइकांना सांगत होता, "आता दोघंबी मांगं सरकून राह्यले. कोणी काही टाकत नसते गा. सारी दमदाटी."

"भगवानराव," खेमसिंग म्हणाला.

दोन महिन्यांनी तो या माणसाचं नाव घेत होता.

"आज वैनी मेली असती. माह्या तारेत करंट होता. मी ओरडलो, तिले वाटलं भांडून राह्यलो. तिनं हात लावला अन् तेवढ्यात लाइन गेली. मी वाचवलं नाही तिले. कोणीच वाचवलं नाही. लाइन गेली फक्त."

भगवानरावचा कप ओठांपाशी राहिला.

"तुमच्या तारेत करंट असल म्हणून मी सोडला. तुमची नुसती धाकाची, हे आज कळलं. वैनीनंच सांगतलं. म्हने, आमची खोटी हाय, त तुहीबी खोटीच. अन् आपल्या तारेवर पाय देऊन गेली घराकडं. मी आकडा काढला हाय. आता पुन्हा टाकणार नाही. ठाण्यात जायचं त जा, मी येतो संगं."

धर्मपालनं टीव्हीचा आवाज बंद केला.

भगवानराव खेमसिंगाकडे पाहत नव्हता. तो डोक्यावरच्या पंख्याकडे पाहत होता. पंखा फिरत होता.

"पाय देल्ला तिनं?" त्यानं विचारलं.

"हो."

भगवानराव उठला. कप खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

"आमचीबी खरीच हाय, खेमसिंग," तो म्हणाला. "ती भेऊ नये म्हणून मीच तिले खोटी सांगतली."