एका सुईची भावंडं

बंडूजी सोनारांनी चांदीची सुई हळदीत बुडवली आणि पिनूच्या कानाची पाळी चिमटीत धरली, तशी सुरभीने पोरीला झटकन मागे ओढलं.

"थांबा काका. त्या सुईनं नको."

तिच्या सासूबाई मंदाबाई ओसरीवर पाटाजवळ नारळ ठेवत होत्या. त्यांचा हात तिथंच थांबला. थोरली जाऊ रक्षा आपल्या अंकितला मांडीवर घेऊन बसली होती, तिनं भुवया वर केल्या.

"काऊन, सुनबाई?" बंडूजी हसले. "याच सुईनं माह्या बापानं तुह्या सासऱ्याचे कान टोचले. अजून शाबूत हायेत!"

ती सुई वर्षभर देवघरात असायची. घरातल्या पोरांचे कान एकाच बैठकीत, त्याच सुईनं टोचायचे. आधी धाकट्याचे, मग थोरल्याचे. एका सुईची भावंडं जन्मभर एकमेकांना धरून राहतात, असं मंदाबाईंचं म्हणणं. कारंज्याच्या बाजारात त्यांच्या घरचे चार भाऊ एकाच दुकानात बसत, तो त्यांचा पुरावा.

सुरभीने वाटीवरचं फडकं काढलं. आत दोन नव्या सुया होत्या, कुकरमध्ये उकळून घेतलेल्या.

"एक अंकितला, एक पिनूला."

"म्हंजे?" रक्षाचा आवाज चढला. "माह्या पोराचं रक्त खराब हाय काय?"

"तसं नाही ताई. पण एकाच्या रक्तातनं दुसऱ्याला कावीळ जाते. डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबातनंसुद्धा."

"आली मोठी बी.एस्सी.वाली!"

कावीळ म्हटल्यावर मंदाबाईंनी मात्र जुनी सुई खाली ठेवायला लावली. गेल्या साली चौकातल्या चिंधू पानवाल्याला ती रक्तातली कावीळ निघाली होती. त्याची कपबशी वेगळी झाली. लेकरं त्याच्या ठेल्याकडे फिरकेनाशी झाली. शेजारी बसून, एका ताटात जेवून हा आजार लागत नाही, असं सुरभी बायकांना परोपरीनं सांगायची. बायका मान डोलवायच्या आणि पोरांना हाताला धरून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं न्यायच्या.

तेव्हापासून सुरभीची नजर घरभर फिरत असे. दिराचं दाढीचं ब्लेड, नखं काढायचं नेलकटर, कोणाचं काय कोण वापरतंय. अंकितला लस द्यायला हवी म्हणून तिनं हट्ट धरला, आणि त्याला कडेवर घेऊन एसटीनं वर्ध्याला तीच गेली. त्याचं शेवटचं इंजेक्शन तेवढं राहिलं होतं.

रक्षाला आज नेमकं तेच आठवलं.

"माह्या पोराले पार वर्ध्यापर्यंत नेऊन इंजेक्शनं देल्ली. अन् पिनूले? तिले काऊन नाई देल्लं?"

"तिला नको आता."

"पाहा आई! माह्या लेकरावर करून पाह्यते, अन् आपलं जपून ठेवते."

सुरभी पिनूच्या टोपड्याची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधत राहिली.

"करा बाप्पा, तुमच्या मनानं करा," मंदाबाई म्हणाल्या. "बंडूजी, घ्या त्या नव्या सुया. पोरं उपाशी झाली."

पिनूनं असा काही टाहो फोडला की शेजारची म्हातारी कुंपणाशी येऊन उभी राहिली. सुरभीचे डोळे भरून आले, पण तिनं पिनूचं डोकं हलू दिलं नाही. सोन्याची बारीक तार कानात वळली आणि पाळीवर रक्ताचा एक लाल मणी उभा राहिला.

रक्षाचा राग तिथंच विरघळला. पिनू झोपायची ती तिच्याच खांद्यावर. "ये वं माही चिमणी, ये," म्हणत ती पुढं सरकली आणि रक्त पुसायला तिनं हात लांबवला. तिच्या अंगठ्यावर सकाळी वांगी चिरताना लागलेला विळीचा काप होता, अजून ओला.

सुरभीने तो हात मनगटाशी धरून दूर ढकलला. फार जोरात. रक्षाच्या बांगड्या वाजल्या.

"हात बी लावू नोको का आता?"

सुरभीने कापसानं रक्त पुसलं, तो कापूस आणि सुई कागदात घट्ट गुंडाळली आणि स्वतःच्या मुठीत ठेवली. रक्षा अंकितला सासूकडे देऊन उठून आत गेली.

अंकितचे कान दुसऱ्या सुईनं टोचून झाले. बंडूजी गूळ-खोबरं घेऊन गेले. मंदाबाईंनी दोन्ही लेकरांवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या, आणि ओसरी रिकामी झाली.

सुरभी पिनूला घेऊन स्वयंपाकघरात आली. रक्षा चुलीकडे तोंड करून पदरानं नाक पुसत होती. वळली नाही, पण वाटीत साखर काढून तिनं मागं सरकवली.

"दे तिले. रडून रडून घसा सुकला असन."

"तुम्हीच द्या ना, ताई."

"मी कशी देऊ? आमच्या हाताले रोग हाय ना." मग ती वळली. "खरं सांगजो सुरभी, तुले आमची एवढी काऊन भीती वाटते?"

पिनूनं दोन्ही हात काकूकडे पसरले होते. सुरभीने दार लोटून घेतलं. रक्षाच्या अंगठ्यावर तिनं आधी स्वच्छ चिंधी बांधली, पक्की गाठ मारली, आणि मग पिनूला तिच्या मांडीवर ठेवलं.

"ताई, कावीळ पिनूला आहे. माझ्याकडूनच गेली तिला, जन्मताना."