कुंभार्लीचा व्हिडिओ

हेल्मेटवरच्या नव्या कॅमेऱ्यात टिपलेला कुंभार्ली घाट बघायला आप्पांनी शेडगेकाकांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्या घाटात दोघांनी एकाच एसटीवर बावीस वर्षं काढलेली. आप्पा ड्रायव्हर, काका कंडक्टर. आप्पा चष्मा पुसून टीव्हीसमोर बसले.

बाइकवाल्या ग्रुपबरोबर घाट करून आलेल्या मुलाने, संग्रामने, व्हिडिओ लावला. त्यात घाट नव्हताच. पडद्यावर चहाच्या टपरीचा पत्रा तेवढा दिसत होता. नवखेपणात दर वेळी बटण उलटंच दाबलं गेलं होतं: निघताना कॅमेरा बंद, थांबल्यावर चालू.

"काय वळणं घेतोस रे! कुणी शिकवलं?" टपरीवर ग्रुपमधल्या कुणीतरी विचारलं. संग्राम रिमोट शोधेपर्यंत टीव्हीतून त्याचाच आवाज आला, "माझा मीच शिकलो. आमच्या घरात कुणाला सायकलसुद्धा येत नाही. वडील बँकेत होते ना."

काका फरशीकडे बघत राहिले. ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे आप्पांनीच संग्रामच्या मागे बसून, खांद्यावर हात ठेवून त्याला शिकवलं होतं. तो खांदा आता जड झाला. त्याला मान वर करवेना.

"घाट नाही आला होय?" आप्पांनी विचारलं.

"नाही, आप्पा."

"असू दे." त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला, डोळे मिटले आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर धरल्यासारखे पुढे केले. "शेडगे, द्या डबल बेल. आपण दोघंच जाऊन येऊ."