अंधारातली प्लेट

बाटलीला गुंडाळलेलं फॉइल. खिडकीवर चिकटवलेला काळा कागद. बाटलीत झेंडूसारखं केशरी औषध. आणि पुन्हा मेलेल्या पेशी.

ईश्वरीने मायक्रोस्कोप बंद करून कपाळावर हात मारून घेतला. तिने बनवलेलं रुथेनियम धातूचं औषध उजेड पडल्यावरच कॅन्सरच्या पेशी मारणार, अंधारात गुमान पडून राहणार, असं तिने पीएचडीच्या सरांना छातीठोकपणे सांगितलं होतं. पण अंधारात ठेवलेल्या प्लेटमधल्या पेशीही मरत होत्या. "मग ते साधं विषच झालं!" सर वैतागले होते. "सोमवारपर्यंत जमलं नाही, तर विषय बदल."

"खिडकी बंद, दिवे बंद, आंधळ्यासारखी चाचपडत काम करते मी!" ती शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या तौसिफवर करवादली.

"मग त्या मेल्या हे तुला दिसतं कसं, मॅडम?"

"कसं म्हणजे? सारखी मायक्रोस्कोपखाली बघते ना! औषध पेशीत शिरलं की लाल चमकतं."

"आणि चमकतं कुठल्या उजेडात?"

"निळ्या..."

तिने मायक्रोस्कोपच्या दिव्याकडे पाहिलं. औषधाला जागं करणारा उजेडही निळाच होता. पेशी जगल्यात ना, हे पाहायला ती पुन्हा पुन्हा डोकावत होती आणि दर वेळी तीच त्यांना मारत होती.

"अगं, सापडलं की! हस तरी."

"हसू काय? वर्ष गेलं माझं!"

मागच्या महिन्यात तापामुळे ती एक दिवस लॅबमध्ये आली नव्हती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर अंधारातल्या पेशी जगल्या होत्या, आणि औषध घालायचंच राहिलं असेल असं समजून, लाल चमक न तपासताच, तिने त्या फेकून दिल्या होत्या.